आईला केअर सेंटरमध्ये ठेवायचंय (जळगाव / धुळे) : सेवा खरोखर चांगली आहे का, हे कसं ओळखायचं?

बोरीकाठचा

नमस्कार मंडळी,

आई ७६ वर्षांची. मूळ घर अमळनेरला. दिवाळीनंतर लकवा मारला, उजवी बाजू गेली. बोलणंही गेल्यात जमा. समजतं सगळं, पण शब्द फुटत नाही. फुटलाच तर अहिराणीत, "पानी दे व माय" किंवा "माले घर जानं शे", एवढंच. साखर आहे, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. दोघांनी धरल्याशिवाय खुर्चीत बसवता येत नाही.

आतापर्यंत धुळ्याला बहिणीकडे होती. आता बहिणीच्याच पाठीचं दुखणं वाढलंय आणि जून महिन्यात भाचीचं बाळंतपण आहे. मी पुण्याला, तिसरा मजला, लिफ्ट नाही, दोघंही नोकरीवाले. पुण्यातल्या एका ठिकाणी चौकशी केली, पण तिथल्या मावशींना आईचं अक्षरही कळेना. अमळनेरच्या घरी बाई ठेवून पाहिली. पहिली आठवडाभर टिकली, दुसरी न सांगता गेली.

म्हणून दोन जागा बघून आलो. एक जळगावला, हायवेच्या बाजूला. नवी इमारत, एसी ऑफिस, फिजिओथेरपीची खोली, आणि आपल्या मोबाइलवर कॅमेऱ्यातून आई दिसणार. महिना चोवीस हजार, डायपर-औषधं वेगळी. दुसरी धुळ्याला, जुन्या बंगल्यात. बारा-चौदा म्हातारी माणसं, एक नवरा-बायको चालवतात. भिंतींचा रंग उडालाय. महिना पंधरा हजार. बहिणीला धुळ्याची बरी वाटली, मला जळगावची. नेटवर दोघांनाही भरभरून तारे आहेत आणि दोघंही "अगदी घरच्यासारखं बघतो" म्हणतात. मामांना सांगितलं तर त्यांनी फोनच ठेवून दिला.

मी बँकेत आहे. कर्जाची फाईल वाचता येते, पण अशा ठिकाणी गेल्यावर नेमकं बघायचं काय? आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत ठरवायचंय. कोणाचे आई-वडील, सासू-सासरे अशा ठिकाणी असतील, किंवा कोणी तिथे काम केलं असेल, तर कृपया सविस्तर सांगा.

शेव_कमी_रस्सा_जास्त

धुळ्यालाच ठेवा भाऊ. बहीण त्याच गावात आहे ना? मग बाकी चर्चा कशाला. आमच्या आत्याला नाशिकला ठेवलं होतं, सगळं उत्तम, पण बघायला जायचं म्हणजे अख्खा रविवार. मग महिन्यातून एकदा, मग सणावारी.

नाईट_ड्युटी

बोरीकाठचा भाऊ, मी सरकारी दवाखान्यातून परिसेविका म्हणून निवृत्त झाले. भुसावळला असते. ओळखीच्यांकडे ड्रेसिंगला, कॅथेटर बदलायला जाते, त्यात केअर सेंटरांतही जाणं होतं. कुठलं चांगलं, कुठलं वाईट, नावं विचारू नका, सांगणार नाही. बघायचं कसं ते सांगते.

तुम्ही दोन्हीकडे आधी फोन करून, सकाळी अकराच्या सुमारास गेला असणार. अकराला सगळंच छान असतं. अंघोळी झालेल्या, पावडर लावलेली, चादरी ताणलेल्या. अकराला तर आमचा वॉर्डसुद्धा मंत्र्याला दाखवण्याजोगा असायचा. आता न सांगता जा, संध्याकाळी साडेसात-आठला. जेवणं उरकत आलेली असतात, दिवसपाळीच्या मावशींचं लक्ष बसकडे लागलेलं असतं आणि रात्रीचं माणूस आलेलं असतं किंवा नसतं. आत सोडत नसतील तर का सोडत नाहीत ते विचारा. बाकीच्या बायका कपडे बदलत असतील म्हणून पाच मिनिटं थांबवलं तर ते चांगलंच आहे. "भेटीची वेळ फक्त दहा ते बारा" म्हणून बोट दाखवलं तर तिथूनच परत फिरा.

ऑफिसातला पहिला प्रश्न असा विचारा : रात्री जागं कोण असतं, आणि त्यातल्या किती जणांना माझ्या आईला उचलता येतं? "स्टाफ किती" असं विचारलंत की ते माळी, ड्रायव्हर, स्वयंपाकी धरून आकडा सांगतात. तुमच्या आईला दोन माणसं लागतात. रात्री मजल्यावर एकच मावशी असेल तर रात्री दोनला आई ओली झाली की सहापर्यंत ओलीच. त्यात त्या मावशीचा दोष नाही, एकटीने ओढत उठवलं तर लुळा खांदा निखळेल. लकव्याच्या बाजूचा हात धरून ओढणारं माणूस दिसलं तर ते ठिकाण सोडा. त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

नर्स कोण, तेही विचारा. पांढरा कोट घातलेली प्रत्येक मुलगी नर्स नसते. जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली निदान एक तरी हवी, कारण तुमच्याकडे इन्सुलिन आहे.

मग आत जा. आणि तिथे जी आजी तुमच्याशी गप्पा मारायला येईल तिच्याजवळ फार वेळ घालवू नका. ती बोलती आहे, चालती आहे, तिला काही लागलं तर ती आरडाओरडा करून मिळवते. शेवटच्या खाटेवरचं, भिंतीकडे तोंड करून पडलेलं, न बोलणारं माणूस शोधा. तुमची आई उद्या त्याच रांगेत आहे. त्याचे ओठ बघा, कोरडे, सालपटं निघालेले आहेत का. डोळ्यांच्या कोपऱ्यात चिपडं साचली आहेत का. नखं. पुरुष असेल तर दाढी. चष्मा नाकावर आहे की कपाटात, आणि नाकावर असेल तर काचा पुसलेल्या आहेत का. दातांची कवळी नाव लिहिलेल्या डबीत आहे की एका वाटीत तिघांच्या. चादर पायाकडून थोडी वर करून टाचा बघता आल्या तर बघा, त्या माणसाला विचारून. टाचेला काळा डाग, फोड असेल तर त्या माणसाला तासन्‌तास कोणी हलवलेलं नाही.

आणि पाणी. तुमच्या आईची उजवी बाजू गेली आहे, म्हणजे पाण्याचा ग्लास डाव्या हाताला, हात पोचेल असा हवा. किती तरी ठिकाणी टेबल उजवीकडे असतं, त्यावर भरलेला ग्लास झाकून ठेवलेला असतो, संध्याकाळी मावशी तो ओतून पुन्हा भरते. कागदावर पाणी दिलंय. म्हाताऱ्या माणसाला तहान मुळात कमी लागते, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. काही ठिकाणी पाचनंतर पाणी मुद्दाम कमी देतात, डायपर वाचतो म्हणून. मग लघवीला जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, बरळणं, आणि मुलाला फोन : "आजींचं डोकं बिघडलंय." डोकं बिघडलेलं नसतं हो, घसा सुकलेला असतो.

ठसका हा निराळा विषय. लकव्यानंतर पाणी गिळताना ठसका लागत असेल तर भरवताना ताठ बसवायला हवं, हनुवटी थोडी खाली, घास लहान, आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही. जेवणाच्या वेळी नुसतं उभं राहून बघा. एक मावशी चौघांना ओळीने भरवत असेल, पडल्या पडल्या, तर तिथे छातीत अन्न जाऊन न्यूमोनिया होणारच. भाकरी वरणात कुस्करून मऊ केली आहे का? की सगळं मिक्सरमधून काढून एकच राखाडी लगदा? सोय तीच आहे त्यांची, पण दोन महिन्यांत माणूस जेवायचं सोडतं.

बेडसोअरबद्दल, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेबद्दल विचाराल तर सगळे छातीठोकपणे सांगतील, "आमच्याकडे एकही नाही." मला या उत्तराची भीती वाटते. जिथे अंथरुणाला खिळलेली माणसं आहेत तिथे कधी ना कधी होतोच. "ह्या आजी हॉस्पिटलमधून घेऊन आल्या, एवढा खोल होता, आता एवढा राहिला," असं बोटाने माप दाखवून सांगणारी बाई भेटली तर तिच्यावर भरवसा ठेवा. माकडहाड, खुब्याची हाडं, टाचा, ह्या जागा. लाल चट्टा दिसला तर बोटाने दाबून सोडायचा. पांढरा पडून परत लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर जखमेची सुरुवात झाली. पूर्ण परावलंबी माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. त्याचा तक्ता असतो. दुपारी चारला तो तक्ता मागा. सहाची आणि आठची खूणही आधीच भरलेली असेल, सगळी एकाच पेनाने, एकाच झटक्यात, तर काय ते समजा.

हवेच्या गादीने कूस बदलायचं काम वाचत नाही, हेही लक्षात ठेवा. आणि तिचा पंप विजेवर चालतो. लाइट गेली की गादी बसते आणि म्हातारं माणूस फळीवर. इन्व्हर्टरवर पंप जोडलाय का? एसी ऑफिसचं मला कौतुक नाही, खाटांच्या खोलीत कूलर कुठे आहे, त्यात पाणी कोण भरतं, ते बघा.

वासाबद्दल लोक सांगतात, लघवीचा वास आला की वाईट. अर्धं खरं आहे. सकाळी एखाद्या खोलीत येणारच, माणसं राहतात तिथे. पण दुपारीही व्हरांडाभर येत असेल तर गाद्यांत मुरलाय. आणि डोळ्यात पाणी येईल इतका फिनाईलचा वास येत असेल तर तुम्ही येणार हे कळलं होतं.

बाकीचं नंतर लिहिते, हात दुखला.

कोर्टकचेरी_नाना

ताईंचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा आहे. मी कागदापुरतं बोलतो.

नुसती राहण्या-जेवण्याची सोय असेल तर तो वृद्धाश्रम, आणि त्याचं नियमन आपल्याकडे ढिलं आहे. संस्था धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असते, पण त्यावरून सेवेबद्दल काहीही कळत नाही. पण आजारी, दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करत असतील, तर १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. जळगाव आणि धुळे दोन्हीकडे महापालिका आहे, म्हणजे हद्दीत असेल तर पालिकेचा आरोग्य विभाग. ते प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. त्यावरची मुदत वाचा. २०२१ च्या सुधारित नियमांनंतर रुग्ण हक्कांची सनद आणि दरपत्रकही लावायचं असतं. "आम्ही हॉस्पिटल नाही हो" असं म्हणत असतील तर मग जाहिरातीत "२४ तास नर्सिंग" कसं, एवढंच हसत विचारा.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, दीडशे जणांची सोय असलेलं, निराधारांसाठी निवासस्थान सरकारने टप्प्याटप्प्याने उभारावं असं कलम १९ मध्ये आहे. "उभारावं" हे क्रियापद सरकारी आहे. तुमच्या कामाचं कलम २३ : सांभाळायच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न केल्यास परत मागता येते, पण त्यासाठी भांडावं लागतं. घर-शेत आईच्या नावावर असेल तर या गडबडीत कोणाच्याही नावाने बक्षीसपत्र करू नका, मामा कितीही म्हणाले तरी. तक्रारीसाठी ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, फुकट आहे.

करारात तीन ओळी वाचा : अनामत परत कधी मिळते, हॉस्पिटलात हलवायचं कोण ठरवतं, आणि हॉस्पिटलात असतानाचं भाडं. आणि सत्तरीवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलं नसेल तर काढून घ्या. केअर सेंटरची फी त्यातून मिळत नाही, पण भरती करावं लागलं तर वर्षाला कुटुंबाला पाच लाखांपर्यंत उपचार आहे. प्रत त्यांच्या फाईलमध्ये लावा, नाहीतर रात्री अकराला कार्ड पुण्यात आणि आई जळगावात.

बोरीकाठचा

ताई, नाना, काय बोलू. एवढं कोणी सांगितलं नव्हतं. ताई, दोन शंका. एक, जळगाववाल्यांचा कॅमेरा. मला तर तीच मोठी जमेची बाजू वाटली होती. दोन, धुळ्याला एका आजोबांच्या हाताला बँडेजची पट्टी होती आणि तिचं दुसरं टोक खाटेला. विचारलं तर म्हणाले, पडतात म्हणून.

यावलची_पोर

मी मूळची यावलची. सध्या अमेरिकेत, न्यू जर्सीत एका नर्सिंग होममध्ये आरएन (नोंदणीकृत नर्स) आहे. बांधण्याबद्दल इथलं सांगते. १९८७ च्या कायद्यानंतर स्टाफच्या सोयीसाठी किंवा शिक्षा म्हणून बांधणं इथे चालत नाही. त्याआधी सर्रास होतं, आणि तेव्हाही "पडतात म्हणून" हेच कारण सांगायचे. बांधलेलं माणूस सुटायला धडपडतं आणि जास्त जोरात पडतं, पट्टी गळ्यात अडकते, स्नायू झिजतात. उपाय कंटाळवाणे आहेत : खाट खाली करा, जमिनीवर गादी टाका, रात्री संडासला ठरलेल्या वेळी न्या. बहुतेक जण लघवीला जायला उठतात आणि पडतात.

औषधानेही बांधता येतं. दुपारी चारला अख्खा हॉल पेंगत असेल तर काय देताय ते विचारा. क्वेटियापिनसारखी मनोविकारावरची औषधं स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका वाढवतात, हा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २००५ मध्येच दिला. कधी द्यावी लागतात, मी नाही म्हणत नाही, पण कोणत्या डॉक्टरने, कशासाठी, कधीपर्यंत, आणि घरच्यांना सांगून.

इथे २००८ पासून सरकार प्रत्येक नर्सिंग होमला एक ते पाच तारे देतं. तीन गोष्टींवर : तपासणीचा अहवाल, स्टाफ, आणि गुणवत्तेची मोजमापं, म्हणजे किती जणांना जखमा झाल्या, किती पडले वगैरे. तपासणीला लोक न सांगता येतात, जास्तीत जास्त पंधरा महिन्यांच्या अंतराने. गंमत म्हणजे स्टाफचे आकडे पूर्वी होम स्वतःच कळवायचं, तेव्हा सगळ्यांकडे भरपूर स्टाफ होता. पुढे पगारपत्रकावरून आकडे घ्यायला लागले तेव्हा खरं दिसलं, शनिवार-रविवारी तर फारच. आणि तपासणीचे तारे त्या त्या राज्यातल्या इतरांच्या तुलनेत असतात, म्हणजे पाच तारे म्हणजे "उत्तम" नाही, "इथल्या बाकीच्यांपेक्षा बरं". मी स्वतः माझ्या माणसासाठी तारे पाहून यादी लहान करीन, आणि मग नाईट ड्युटी ताई म्हणतात तसं रात्री जाईन.

नाईट_ड्युटी

पोरी, तिकडे तपासणीला न सांगता येतात हे वाचून बरं वाटलं. आमच्याकडे साहेब येणार म्हटलं की दोन दिवस आधी पडदे धुवायला पडायचे.

भाऊ, कॅमेऱ्याचं. कॅमेऱ्यात खाट दिसते, खाटेवर आई दिसते. माकडहाड दिसत नाही, तहान दिसत नाही. आणि तुम्हाला आई दिसते म्हणजे त्या खोलीतल्या बाकीच्या बायकाही दिसतात, आणि त्यांच्या मुलांना तुमची आई. तिचं डायपर बदलताना तो कॅमेरा कोण कोण बघतंय? व्हरांड्यात, दारात, औषधाच्या कपाटाजवळ कॅमेरा असावा. खाटेवर असेल तर मला चालणार नाही, माझी आई असती तर.

धुळ्याच्या पट्टीचं. मला ते आवडलं नाही, पण ती तुम्हाला दिसेल अशी उघडी ठेवली, लपवली नाही, हेही मनात धरते. त्यांना सरळ विचारा : किती वेळ बांधता, रात्रीच की दिवसाही, सोडून मनगट कोण बघतं, डॉक्टरांना माहीत आहे का. उत्तर देताना चिडले तर संपलं. यावलच्या पोरीने सांगितलेले उपाय त्यांना सांगून बघा, ऐकून घेतात का.

राहिलेलं. औषधं : गोळ्या नावाच्या डब्यात, सकाळ-दुपार-रात्र अशा भरलेल्या असाव्यात. कोणी सगळ्या गोळ्या खलून खिरीत घालत असेल तर थांबवा. हळूहळू विरघळायच्या गोळ्या कुटून चालत नाहीत, दिवसभराचा डोस एकदम अंगात जातो. इन्सुलिन दिल्यावर जेवण कधी येतं ते घड्याळ लावून बघा. सुई सातला आणि ताट पावणेनऊला, असं झालं तर साखर उतरते, आणि तुमची आई "चक्कर येतेय" हे सांगू शकत नाही. घाम, थरथर, अचानक गप्प होणं हे ओळखणारं माणूस रात्री हवं. इन्सुलिन फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्यात नाही. गोठलेलं इन्सुलिन फेकून द्यायचं असतं. उघडलेली बाटली साधारण महिनाभर चालते, त्यावर उघडल्याची तारीख लिहिलेली असावी. आपल्या उन्हाळ्यात तीही बाहेर नको, खोलीच चाळिशीला टेकते.

मावशींशी बोला. मालकासमोर नाही, चहा पिताना. "किती वर्षं झाली इथे?" एवढंच आधी. सगळ्याच दोन-तीन महिन्यांच्या असतील तर पगार वेळेवर होत नाही, किंवा माणसं टिकत नाहीत असं काही तरी आहे. मग एखाद्या न बोलणाऱ्या आजीकडे बोट करून विचारा, "ह्या कुठल्या? काय करायच्या?" "पेशंट आहेत" एवढंच कळलं तर ते एक उत्तर झालं. "ह्या चोपड्याच्या, शाळेत होत्या, चहात साखर नसली की कप ढकलतात," हे दुसरं.

आणि अहिराणी. हे तुम्ही सहज लिहून गेलात, मी यालाच सगळ्यात वर ठेवीन. डोक्याला मार बसलेलं, झटका आलेलं माणूस लहानपणीच्या बोलीत जातं, मी वॉर्डात कायम पाहिलंय. तिचे जे पाच-सहा शब्द उरलेत ते ज्या मावशीला कळतात तिथे तुमची आई मुकी नाही.

बोरीकाठचा

काल न सांगता दोन्हीकडे जाऊन आलो. बहिणीला बरोबर घेतलं.

जळगाव, संध्याकाळी पावणेआठ. आत सोडलं, वागणूक चांगली. नोंदणीचं प्रमाणपत्र लावलेलं, मुदतीत. जीएनएम नर्स हजर, इन्सुलिनच्या बाटल्यांवर तारखा. तक्ता मागितला, व्यवस्थित, पुढच्या वेळा रिकाम्या. पंप इन्व्हर्टरवर. म्हणजे कागदोपत्री सगळं जमलं. पण दुसऱ्या मजल्यावर रात्री एकच मुलगी, खाली एक, आणि खाटा वर एकोणीस. आमच्यासमोर एक बाई "पानी, पानी" करत होती, मुलगी येता-जाता "हो आजी" म्हणत होती. ग्लास होता. झाकलेला.

धुळे, रात्री दहा. प्रमाणपत्र फक्त संस्थेचं. नर्स दिवसा येते, रात्री नाही, रात्रीचं इन्सुलिन मालकीणबाई देतात, त्या पूर्वी दवाखान्यात होत्या म्हणे. तक्ता नाहीच. पण मावशीने एकेकाकडे बोट करून तोंडपाठ सांगितलं, ही आता डावीकडे, हिला अकराला फिरवायची. रात्री दोघी आणि मालक-मालकीण तिथेच राहतात. ताई, त्या आजोबांची पट्टी काढलेली होती, खाट भिंतीला लावून खाली गादी टाकली होती. बहिणीने मावशीला अहिराणीत विचारलं, तर ती साक्रीकडची निघाली. दोघी अर्धा तास कानबाईच्या (आपल्या खानदेशातल्या सणाच्या) रोटांवर बोलत बसल्या, मी बाहेर.

आता सांगा, कागद जळगावकडे आणि माणसं धुळ्याकडे.

नाईट_ड्युटी

धुळे. पण अटी घालून, आणि लेखी.

तोंडपाठ मावशी उत्तमच, पण ती आजारी पडली, लग्नाला गेली की तिची आठवण तिच्याबरोबर जाते. साधी शंभर पानी वही घेऊन द्या, उभ्या रेघा मारून : कूस, डायपर, पाणी किती, जेवण किती, साखर. पहिल्या दिवशी तुम्ही बसून भरून दाखवा. नाटक वाटलं तरी चालेल. मालकीणबाई दवाखान्यात काय म्हणून होत्या ते "म्हणे" वर सोडू नका, विचारा. आणि त्या आठ दिवस गावाला गेल्या तर इन्सुलिन कोण देणार, त्याचं नाव करारात हवं. रात्री बोलावला तर येणारा डॉक्टर जवळपास कोण, त्याला जाऊन भेटा. हे होत नसेल तर मात्र मी जळगाव म्हणेन, आणि वरच्या मजल्यावर स्वतःची रात्रीची बाई वेगळे पैसे देऊन लावा. ते महाग पडेल.

आधी एक महिना बोलीवर ठेवा. खाटेच्या डोक्याशी एक पुठ्ठा लावा, मोठ्या अक्षरात : उजवा हात ओढू नये, पाणी डाव्या हाताला, बसवूनच भरवणे. खाली तिचे अहिराणी शब्द आणि त्यांचा अर्थ, कारण सगळ्याच मावशी साक्रीच्या नसतील.

वजनाचं. महिन्यात पाच टक्के उतरलं तर काहीतरी चुकतंय, पन्नास किलोच्या माणसाचं अडीच किलो. पण उभं न राहणाऱ्याचं वजन तिथे होणार नाही. शिंप्याचा टेप न्या, पोटरीचा सगळ्यात जाड भाग मोजा, डाव्या पायाचा, कारण लकव्याचा पाय तसाही झिजतो. एकतीस सेंटिमीटरच्या खाली असेल तर मांस कमी झालंय असं धरतात. पायाला सूज असेल तर माप फसवं. दर महिन्याला तुम्हीच मोजा आणि वहीत लिहा, म्हणजे तिथल्यांनाही कळतं की कोणी मोजतंय.

शेव_कमी_रस्सा_जास्त

मी पहिल्याच प्रतिसादात धुळे म्हटलं होतं. नोंद घ्यावी.

कोर्टकचेरी_नाना

घेतली. बोरीकाठचे, एक महिन्याची बोली असेल तर अनामतही एकाच महिन्याची ठेवा, आणि पावती घ्या. यूपीआयचा स्क्रीनशॉट म्हणजे पावती नाही.

गिरणाई

चांगला धागा. माझ्या सासऱ्यांना नाकातून नळी आहे, चाळीसगावला घरीच आहेत, पण उन्हाळ्यात महिनाभर ठेवायचा विचार आहे. नळीवाल्यांसाठी वेगळं काय बघायचं?

नाईट_ड्युटी

वेगळा धागा काढा ताई, तिथे नीट लिहिते. तोवर एवढंच बघा : नळीतून देताना डोक्याकडची बाजू उंच आहे ना, आणि दिल्यावर पाऊण-एक तास तशीच ठेवतात ना. नळी नाकाशी जिथे बाहेर येते तिथे पेनाने खूण हवी, म्हणजे सरकली तर कळतं. देण्याआधी ती खूण कोणी बघतच नसेल तर महिनाभरसुद्धा ठेवू नका.